मुलाचं वागणं खटकतंय? नाशिकमध्ये तपासणीची सुरुवात कुठून आणि कशी करायची

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हा शाळेच्या डायरीत दर आठवड्याला एकच शेरा यायचा, ‘वर्गात लक्ष नाही. हाक मारली तरी ओ देत नाही.’ घरी आम्ही रागावलो, टीव्ही बंद केला, मी एकदोनदा हातही उचलला. ते आठवलं की आजही पोटात कालवतं. एक ‘एकाग्रता वाढवणारे’ काउन्सेलर गाठले, आठ सेशनचे पैसे भरले. फरक शून्य.

एका रविवारी त्याची आत्या जेवायला होती. हा वरणभाताचा घास तोंडात घेऊन बोलत होता आणि शब्द अर्धाच राहिला. नजर समोर, पापण्या किंचित फडफडतायत, घास तसाच. मोजून दहा सेकंद. मग जणू काही झालंच नाही, अशा थाटात घास चावून त्याने वाक्य पुढे नेलं. आत्या म्हणाली, “वहिनी, हा लक्ष देत नाही असं नाही गं. हा तेवढा वेळ इथे नसतोच.”

तो अपस्माराचा एक प्रकार निघाला, अ‍ॅब्सेन्स फिट. त्यात मूल पडत नाही, फेस येत नाही, हातपाय झाडत नाही. दिवसातून अनेकदा काही सेकंद भान जातं, एवढंच. औषधाने फिट थांबल्या, तरी वाचताना अडखळणं राहिलं, ते वेगळं होतं. त्याची तपासणी, प्रमाणपत्र, शाळेतल्या सवलती हे सगळं पुढे दोन वर्षं चाललं. आता तो आठवीत आहे. त्या काळात मला कुणी क्रम सांगितला असता तर निदान सात-आठ महिने वाचले असते. तो क्रम इथे देते. मी डॉक्टर नाही. निदान डॉक्टरच करणार, पण त्यांच्यापर्यंत काय घेऊन जायचं हे आपल्या हातात आहे.

१. आधी वही घाला

दोनशे पानी वही आणा आणि किमान आठ दिवस रोज लिहा. ‘आज खूप त्रास दिला’ असं लिहू नका, त्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. चारच गोष्टी लिहा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, नेमकं काय झालं, किती वेळ टिकलं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘मंगळवार, सकाळी ७.१०. दात घासताना थांबला. ब्रश तोंडात. हाक मारली, खांद्याला हात लावला, प्रतिसाद नाही. ८ ते १० सेकंद. नंतर आठवत नाही म्हणाला.’ निम्मं निदान या वहीने केलं, असं आमचे डॉक्टर म्हणाले.

झोप किती, घोरतो का, जेवण कसं, स्क्रीन किती, हेही लिहा. शाळेत तसंच होतं का, ते वर्गशिक्षकांना विचारून त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. एडीएचडी म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं. त्याचं निदान करताना लक्षणं किमान सहा महिने आहेत का, बारा वर्षांच्या आतच सुरू झालीत का आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसतात का, हे पाहिलं जातं. फक्त शाळेत किंवा फक्त घरी होत असेल, तर त्या जागेतच काही बिनसलेलं असू शकतं.

आणि व्हिडिओ काढा. झटका, हात झटकणं, एकच हालचाल पुन्हापुन्हा करणं, जे दिसेल ते. दवाखान्यात गेलं की मूल शहाण्यासारखं बसतं, हा प्रत्येक आईचा अनुभव आहे. हा व्हिडिओ डॉक्टरांसाठी आहे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला नाही.

२. पहिला नंबर बालरोगतज्ज्ञांकडे

थेट मानसोपचारतज्ज्ञ शोधत बसू नका आणि काउन्सेलरकडे तर मुळीच आधी जाऊ नका. वागण्यात दिसणाऱ्या कित्येक तक्रारींचं मूळ शरीरात असतं, ते आधी तपासून घ्यायचं.

कान: सारखी सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, त्याला कमी ऐकू येतं आणि आपण म्हणतो ‘ऐकत नाही’. मोठ्या मुलाची ऑडिओमेट्री होते, अगदी लहान असेल तर झोपवून बेरा तपासणी करतात. डोळे: फळ्यावरचं दिसत नसेल तर मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारच. रक्त: हिमोग्लोबिन कमी असलेलं मूल चिडचिडं आणि मरगळलेलं असतं, गरज वाटली तर डॉक्टर थायरॉइडही बघतात. घशामागच्या गाठी वाढल्या असतील तर मूल तोंडाने श्वास घेतं, रात्री घोरतं, झोप पुरत नाही आणि दिवसभर माकडासारखं उड्या मारतं. मोठी माणसं झोप कमी झाली की पेंगतात, लहान मुलं उलट जास्त हलतात.

आमच्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून कागदाचं भिरभिरं काढलं आणि मुलाला सांगितलं, “हे थांबू द्यायचं नाही, फुंकत राहा.” दोन मिनिटंही झाली नसतील, भिरभिरं हातात, फुंकर बंद, नजर शून्यात. जोरजोरात श्वास घेतला की या प्रकारची फिट बऱ्याचदा समोर येते, हे मला त्या दिवशी कळलं. कित्येक महिने शाळेने आणि आम्ही ज्याला हट्टीपणा म्हणत होतो, तो त्या खोलीत उघडा पडला.

दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी वेगळं सांगते. दीड वर्षाचं मूल बोट दाखवून काही मागत नाही, दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द अचानक गेले, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ या एका वाक्याने माझ्या ओळखीतल्या दोन घरांत दीड-दीड वर्ष वाया गेलं.

३. कुठे जायचं

खासगी परवडत असेल तर घराजवळचे बालरोगतज्ज्ञ गाठा. परवडत नसेल, किंवा पुढे प्रमाणपत्र लागणार असं वाटत असेल, तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. जुन्या सीबीएसपासून रिक्षाने पाच-दहा मिनिटं. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा, बालरोग विभागाचा नंबर लावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा कुणी मधला माणूस ‘लवकर करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. केस पेपर काढतानाच डीईआयसीबद्दल विचारा. वाढ आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर हे केंद्र असतं, वाचा-उपचार (स्पीच थेरपी), फिजिओथेरपी, मानसशास्त्र या सेवा तिथे एकत्र मिळाव्यात अशी त्याची रचना आहे.

नाशिकरोडकरांना महापालिकेचं बिटको रुग्णालय जवळ पडतं, जुन्या नाशकातल्यांना कथड्यातलं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. आडगावला मविप्रचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग एकाच आवारात मिळतात.

सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या पालकांनी पहिली फेरी नाशिकला मारायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. या कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. पथकात एक पुरुष आणि एक महिला असे दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते तपासतात आणि पुढे पाठवायचं असेल तर चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी जपा, सिव्हिलमध्ये सगळं सोपं जातं. पथक कधी येणार ते आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारा, आणि त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका.

४. सोबत न्यायची फाइल

प्लास्टिकची फोल्डर फाइल घ्या, त्यात तारखेप्रमाणे लावा:

- मुलाचं आणि पालकांचं आधार कार्ड, जन्माचा दाखला
- लसीकरणाचं कार्ड आणि जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (मूल जन्मल्यावर रडलं का, काचेत ठेवलं होतं का, कावीळ किती होती, हे हमखास विचारतात)
- आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट
- गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या शाळेच्या दोन-तीन वह्या
- वर्गशिक्षकांचं पत्र
- रेशन कार्ड
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- तुमची ती दोनशे पानी वही

मूळ कागद कुणाच्याही हातात सोडून येऊ नका. झेरॉक्सचे तीन संच आधीच करा. सिव्हिलबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे अकरा वाजता जी रांग असते, त्यात आमचा एकदा नंबर गेला आहे.

डबा, पाणी आणि मुलाचं एखादं आवडतं खेळणं घ्या. भुकेलं, कंटाळलेलं मूल तपासणीत आहे त्यापेक्षा मागे दिसतं.

५. ईईजी असेल तर डोक्याला तेल नको

ईईजी म्हणजे डोक्यावर तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढणं. दुखत नाही, शॉक नसतो, सुई नसते. मुलाला हे आदल्या दिवशी नीट सांगा. मी ‘फोटो काढायचाय’ असं खोटं सांगितलं होतं आणि तारा बघून तो जो रडायला लागला, तो अर्धा तास थांबला नाही.

दुसरी चूक तेलाची. दवाखान्यात जायचं म्हणून आदल्या रात्री सासूबाईंनी कौतुकाने डोकं चोपून तेल लावलं. तेलकट डोक्यावर तारा चिकटत नाहीत, टेक्निशियनने परत पाठवलं, पुढची तारीख बारा दिवसांनी. तेव्हा आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा आणि काहीही लावू नका. झोपेतला आलेख हवा असेल तर रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायला सांगतात. तसं असेल तर रिक्षात, बसमध्ये मूल पेंगू देऊ नका. मी पूर्ण रस्ता गाड्यांचे नंबर वाचायला लावले होते. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करून जायचं नाही, आधी विचारा.

६. मानसशास्त्रज्ञ निवडताना नोंदणी क्रमांक विचारा

डॉक्टरांनी बुद्ध्यांक किंवा वागणुकीची चाचणी लिहून दिली की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधावा लागतो. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. क्रमांक विचारायला लाजू नका, खरा तज्ज्ञ रागावत नाही. आम्ही पैसे भरलेल्या काउन्सेलरकडे भिंतभर सर्टिफिकिटं होती, नोंदणी नव्हती. त्यांचा रिपोर्ट पुढे कुठेही चालला नाही.

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात, मानसशास्त्रज्ञ देऊ शकत नाहीत. ‘मनोविकार’ पाटी बघून पाय अडखळतात, माझेही अडखळले. पण सहा वर्षांवरच्या एडीएचडीच्या काही मुलांना औषधाने खरंच बसता येतं, वाचता येतं. त्याहून लहान मुलांसाठी आधी पालकांनाच प्रशिक्षण देतात.

स्टेम सेलच्या जाहिरातींपासून लांब राहा. ऑटिझमसाठी (स्वमग्नतेसाठी) हा उपचार देऊ नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच म्हटलं आहे. तरीही लाखांची पॅकेजं विकली जातात आणि घाबरलेले आईबाप शेत गहाण टाकून घेतात. तो पैसा स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामं करायला शिकवणारे उपचार) ठेवा.

७. प्रमाणपत्र: काय मिळतं, काय नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे वाचन, लेखन, गणितातली अडचण, हे सगळे येतात. एडीएचडीचं स्वतंत्र नाव त्यात नाही. हे आधी माहीत नसल्याने पालक हेलपाटे घालतात.

अर्ज आधी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर करायचा, आधारवरचं नाव, जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळली पाहिजे. मग रुग्णालयात बोलावतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. क्रम ठरलेला आहे: डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका दिवसात होत नाही, दोन-तीन खेपा धरून चला. सातपूर-अंबडला कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांनी सुटी एकदम टाकू नये, तारखेप्रमाणे तोडून घ्यावी.

मुलाची चाचणी तो ज्या माध्यमात शिकतो त्या भाषेत व्हावी, हे स्वतःहून सांगा. माझा मुलगा मराठी शाळेतला. त्याच्यासमोर आधी इंग्रजी उतारा ठेवला गेला होता, मी बोलले म्हणून बदलला.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमासंरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. पुष्कळ घरांना ही योजना माहीतच नसते.

८. शाळेशी बोलताना

तोंडी बोलू नका, पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात दोष काढू नका, मागणी स्पष्ट लिहा: पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवायला जादा वेळ, सगळ्यांसमोर वाचायला उभं न करणं.

फिटचा इतिहास असेल तर वर्गशिक्षकांना अर्ध्या पानावर लिहून द्या. मूल पडलं तर कुशीवर करा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, घड्याळ बघा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. आमच्या शाळेतल्या मावशींनी तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवून ठेवला होता, मला भरून आलं होतं.

दहावीच्या सवलती, म्हणजे जादा वेळ, लेखनिक वगैरे, आपोआप मिळत नाहीत. शाळेने प्रस्ताव नाशिक विभागीय मंडळाकडे पाठवावा लागतो. नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. प्रमाणपत्रावरची १४ वर्षांची पुनर्तपासणी राहिली असेल तर प्रस्ताव अडतो, आणि मूल नेमकं त्याच सुमारास १४ चं होतं.

९. मूल मोठं असेल तर

तेरा-चौदानंतर वहीची पद्धत बदला. लपून लिहिलं आणि त्याच्या हाती लागलं तर विश्वास संपतो. त्याला सांगूनच डॉक्टरांकडे न्या आणि डॉक्टर म्हणाले ‘पालकांनी बाहेर बसा’, तर बसा. तिथे तो जे बोलेल ते तुमच्यासमोर बोलणार नाही. १० ते १९ वयोगटासाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ नावाची केंद्रं आहेत, तिथे पाळीपासून व्यसनापर्यंत आणि उदासीपर्यंत सगळ्यावर बोलता येतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालीय, मित्र तोडलेत, आवडता क्रिकेटचा डाव सोडलाय, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालतोय, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोलतोय, तर थांबू नका. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत अडकलेलं बाहेर पडतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कुणी मुलाला मारत, छळत किंवा हात लावत असेल तर १०९८.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या घरांना एक कळकळीची विनंती. फवारणीची औषधं पडवीत, खाटेखाली ठेवू नका. कुलूपबंद ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. मुलाचा तो क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरतो, पण त्या वेळी डबा हाताशी नसला पाहिजे.

१०. औषध सुरू झाल्यावर

फिटचं औषध मुलगा बरा दिसतोय म्हणून बंद करायचं नाही. अचानक तोडलं तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते. मेडिकलवाल्याने ‘हेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी स्ट्रिप दिली तर घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आम्ही कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत सकाळ-संध्याकाळ दोन टिंबं मारतो, टिंब नाही म्हणजे गोळी राहिली. गावी जाताना अर्ध्या गोळ्या पर्समध्ये आणि अर्ध्या बॅगेत ठेवा. फिट येणाऱ्या मुलाला विहिरीत, तलावात किंवा रामकुंडावर एकट्याने पोहू देऊ नका, सोबत पोहता येणारं मोठं माणूस हवंच.

उपासतापास, गंडेदोरे यावरून घरात भांडण काढू नका. सासूबाई मुलासाठी कालिकामातेला जातात, मीही जाते. गोळी मात्र वेळेवर जाते, आणि पुढच्या तपासणीची तारीख केस पेपरवरून कॅलेंडरवर उतरवून घेतल्याशिवाय सिव्हिलच्या आवारातून बाहेर पडायचं नाही.